छोट्या आर्म बोर्डवर लिनक्स: टाकायचं कसं आणि अडलं तर बघायचं कुठे

घरात एक छोटा डबा चोवीस तास चालू ठेवायचाय, त्यावर फाईली शेअर करायच्यात, जाहिराती अडवणारा डीएनएस चालवायचाय नाहीतर होम ऑटोमेशन, तर आर्म बोर्डसारखं, म्हणजे मोबाईलसारख्या आर्म प्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या संगणकासारखं, सोयीचं काही नाही. वीज कमी खातो, आवाज नाही, राउटरच्या मागे पडून राहतो. पण पीसीवर लिनक्स टाकायची सवय असलेली माणसं इथे पहिल्याच पायरीला अडखळतात, कारण पीसीला कुठलाही इन्स्टॉलर पेनड्राइव्ह लावला की तो बूट होतो आणि इथे तसं होत नाही.

कारण साधं आहे. पीसीमध्ये बायोस किंवा यूईएफआय असतं आणि आत काय काय जोडलंय याची माहिती कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, तिथून मिळते. बहुतेक छोट्या आर्म बोर्डवर ही सोय नसते. नेटवर्कची चिप कुठे आहे, दिवा कुठल्या पिनवर आहे, यूएसबीला पॉवर कोण देतं, हे सगळं डिव्हाइस ट्री नावाच्या एका फाईलमध्ये लिहिलेलं असतं, ती कर्नलच्या हातात द्यावी लागते आणि ती प्रत्येक बोर्डाची वेगळी असते. म्हणजे दोन बोर्डांवर अगदी तीच चिप असली तरी एकाची इमेज (कार्डावर उतरवायची तयार सिस्टिमची फाईल) दुसऱ्यावर चालेलच असं नाही. कधी चालते पण इथरनेट दिसत नाही, कधी एचडीएमआय काळं राहतं, कधी काहीच होत नाही.

दुसरं म्हणजे, "लिनक्स चालत नाही" असं जे लोक म्हणतात त्यातल्या बऱ्याच भानगडी लिनक्स सुरू व्हायच्या आधीच्याच असतात. पॉवर कमी पडते, सिस्टिम ज्यावर असते ते मेमरी कार्ड खराब असतं, बूटलोडर, म्हणजे कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सापडत नाही. त्यामुळे शोधायचं ते याच क्रमाने, आधी पॉवर, मग कार्ड, मग बूटलोडर, मग कर्नल, आणि सेटिंगा अगदी शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, सेटिंगांपासून सुरुवात करतात आणि रात्र घालवतात.

एक सांगून ठेवतो, कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीत, टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची, आणि त्यात वजा म्हणजे - चिन्ह, बरोबर म्हणजे = चिन्ह, डॉट म्हणजे टिंब.

आधी बोर्ड नीट ओळखा

बोर्डवर छापलेलं पूर्ण नाव आणि रिव्हिजन वाचा, खोक्यावरचं नको. रास्पबेरी पाय हा बोर्ड (पुढे नुसतं पाय) असेल तर काम सोपं, पण त्यातही ३ आणि ३ बी प्लस वेगळे, झिरो आणि झिरो २ वेगळे. टीव्ही बॉक्स असेल तर मात्र जपून, कारण एकाच नावाच्या डब्यात वेगवेगळ्या बॅचला वेगळी वायफाय चिप आणि वेगळी मेमरी निघू शकते. नवख्या माणसाने पहिला प्रयोग टीव्ही बॉक्सवर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वस्तात पडतो म्हणून घेतात आणि मग अर्धवट चालणाऱ्या इमेजच्या मागे फिरत बसतात.

मग ३२ बिट की ६४ बिट ते बघा. रास्पबेरी पाय १ आणि पहिला झिरो हे आर्म व्ही६ या जुन्या पिढीचे आहेत, त्यांच्यावर डेबियन या लिनक्सची नेहमीची आर्मएचएफ (३२ बिट आर्मची) इमेज चालत नाही कारण ती आर्म व्ही७ साठी बनवलेली असते, तिथे रास्पबेरी पाय ओएसची ३२ बिट इमेजच घ्यायची. पाय ३, ४, ५ आणि झिरो २ यांना ६४ बिट चालतं. चालू सिस्टिमवर यूनेम वजा एम मारलं की कर्नल कुठला ते कळतं, एआर्च६४ आलं तर ६४ बिट, आर्मव्ही७एल आलं तर ३२. पुढे कधी एखादा प्रोग्राम डाउनलोड केला आणि "एक्झेक फॉरमॅट एरर" आली तर प्रोग्राम बिघडलेला नसतो, तुम्ही दुसऱ्याच प्रोसेसरसाठीचा उतरवलेला असतो, बहुतेक वेळा पीसीचा.

इमेज कुठून घ्यायची? पायसाठी रास्पबेरी पाय ओएस, आणि बाकीच्या बोर्डांसाठी मी आधी आर्मबियन (अशा बोर्डांसाठीचं लिनक्स) बघतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या इमेज बऱ्याचदा जुन्या कर्नलवर अडकलेल्या असतात, एकदा बनवल्या की कोणी हात लावत नाही, त्यामुळे दुसरा पर्याय नसेल तरच त्या घ्या.

पॉवर आणि कार्ड, इथे कंजुषी नको

मोबाईलचा जुना चार्जर लावून बोर्ड चालवणं हे निम्म्या डोकेदुखीचं मूळ. पाय ३ ला ५ व्होल्ट २.५ अँपिअर, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे. फास्ट चार्जरवर मोठा वॅटचा आकडा लिहिलेला असतो, पण तो ९ किंवा १२ व्होल्टवरचा असतो, ५ व्होल्टला तो किती अँपिअर देतो ते बारीक अक्षरात वाचा. आणि केबल! पातळ, लांबलचक केबलमध्येच व्होल्टेज पडतं, अडॅप्टर कितीही चांगला असू दे.

पायवर हे तपासायची छान सोय आहे. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड अशी कमांड द्या. उत्तरात नुसता शून्य आला तर सगळं ठीक. ५०००० आला तर आत्ता ठीक आहे पण सुरू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलं होतं आणि प्रोसेसरचा वेग उतरवावा लागला होता. ५०००५ आला तर हे आत्ता या क्षणी चालू आहे. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ही नोंद होते. हा आकडा शून्य नसेल तर पुढचं काहीही तपासू नका, आधी अडॅप्टर आणि केबल बदला, कारण कमी व्होल्टेजवर कार्ड बिघडल्यासारखं दिसतं, यूएसबी डिस्क मध्येच गायब होते, वायफाय तुटतं, आणि प्रत्येक वेळी दोष भलत्याच गोष्टीला जातो.

कार्डाचं म्हणाल तर वर ए१ किंवा ए२ लिहिलेलं घ्या. मोठमोठ्या फाईली लिहायचा वेग इथे फारसा कामाचा नाही, ऑपरेटिंग सिस्टिम सतत बारीक बारीक लिहिते आणि ए१ ची खूण म्हणजे सेकंदाला निदान १५०० वेळा वाचणं आणि ५०० वेळा लिहिणं जमतं याची हमी. नकली कार्डं खूप असतात, ६४ जीबी सांगतात आणि आत ८ निघतात, त्याच्या पुढे लिहिलेलं सगळं हवेत जातं. नवीन कार्ड आणलं की लिनक्सवर एफ३ किंवा विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू चालवून पूर्ण कार्ड भरून वाचून बघा, वेळ लागतो पण लागू दे.

इमेज कार्डावर लिहिणं

इथे लिहिणं म्हणजे फाईल कॉपी करणं नव्हे. डाउनलोड केलेली इमेज कार्डावर नुसती ड्रॅग करून टाकली तर काही होणार नाही, कारण इमेजमध्ये पार्टिशन, बूटलोडर सगळं ठरलेल्या जागी असतं. ऑलविनरची चिप बूटलोडर कार्डाच्या सुरुवातीपासून ८ केबीवर शोधते, रॉकचिप ३२ केबीवर शोधते, आणि या जागा कुठल्याही पार्टिशनच्या बाहेर आहेत, फाईल मॅनेजरला त्या दिसतच नाहीत. म्हणून इमेज जशीच्या तशी लिहिणारा प्रोग्राम हवा, रास्पबेरी पाय इमेजर किंवा बलेना एचर. दोन्ही एक्सझेड फाईल थेट घेतात, आधी उलगडायची गरज नाही.

डाउनलोड झाल्यावर शा२५६ चा, म्हणजे फाईल जशीच्या तशी उतरलीय का हे पडताळायचा, आकडा साइटवरच्या आकड्याशी जुळवा. कंटाळवाणं आहे, पण अर्धवट उतरलेल्या इमेजने जो घोळ होतो तो शोधणं याहून कितीतरी कंटाळवाणं.

लिनक्सवरून डीडी (इमेज जशीच्या तशी लिहिणारी कमांड) वापरणार असाल तर कार्ड लावायच्या आधी एकदा एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड) मारा आणि लावल्यावर परत मारा, जे नवीन दिसलं तेच तुमचं कार्ड. ओएफ (कुठे लिहायचं) च्या पुढे पूर्ण डिव्हाइसचं नाव द्यायचं, पार्टिशनचा आकडा लावायचा नाही, म्हणजे एसडीबी, एसडीबी१ नव्हे. शेवटी कॉन्व्ह=एफसिंक जोडा, नाहीतर डीडी संपलं म्हणतं आणि डेटा अजून मेमरीतच असतो, तुम्ही कार्ड खेचता आणि इमेज अर्धी राहते. आणि एंटर मारायच्या आधी डिव्हाइसचं नाव परत वाचा, डीडी विचारत बसत नाही, थेट पुसतो.

विंडोजवर लिहून झालं की लगेच एक खिडकी उघडते, "डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल". घाबरू नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही म्हणून ते तसं म्हणतं. कॅन्सल करा आणि कार्ड काढा.

पहिलं बूट, स्क्रीनशिवाय

पायच्या इमेजरमध्ये लिहायच्या आधीच यूजरचं नाव, पासवर्ड, वायफाय, देश आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायची सोय) भरता येतं, तिथेच भरून टाका. जुने लेख वाचून "पाय" हा यूजर आणि "रास्पबेरी" हा पासवर्ड टाकत बसू नका, तो ठरलेला यूजर एप्रिल २०२२ पासून काढून टाकलाय. तसंच बूट पार्टिशनमध्ये डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाईल ठेवली की वायफाय लागतं हे जुनं तंत्र २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून चालत नाही, तिथे नेटवर्कमॅनेजर आलाय. कॉन्फिग डॉट टीएक्सटी ही पायच्या सेटिंगांची फाईल पण बूटमध्ये थेट नसून बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेलीय. जुन्या लेखातल्या जागी फाईल बदलून काहीच फरक पडत नसेल तर हे एक कारण.

आर्मबियनवर पहिल्यांदा रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) आणि १२३४ या पासवर्डने लॉगिन होतं आणि लगेच नवीन पासवर्ड मागतं.

पहिल्या बूटला थोडा धीर धरा. पार्टिशन पूर्ण कार्डभर वाढवलं जातं, एसएसएचच्या चाव्या बनतात, मध्येच एकदा रीस्टार्टही होऊ शकतो. दोन मिनिटांत दिसत नाही म्हणून वायर उपटली की फाईल सिस्टिम बिघडते आणि मग खरोखरच बूट होत नाही. पहिल्या वेळी शक्यतो इथरनेटची केबल लावा, वायफाय नंतर बघू.

आता तो नेटवर्कवर शोधायचा. होस्टनेमच्या पुढे डॉट लोकल लावून पिंग करून बघा. नाही जमलं तर राउटरच्या पानावर जोडलेल्या डिव्हाइसची यादी असते तिथे बघा, किंवा एनमॅप वजा एसएन देऊन सगळं घरचं नेटवर्क चाळा. परत इमेज टाकल्यावर एसएसएच मोठ्या अक्षरात धमकी देतं की होस्टची ओळख बदललीय, कोणीतरी मध्ये बसलं असेल. तुम्हीच नुकतं इन्स्टॉल केलंय तर ते अपेक्षितच आहे, एसएसएच-कीजेन वजा मोठा आर आणि पुढे त्या बोर्डाचा पत्ता, जुनी नोंद जाते.

काहीच दिसत नाही तेव्हा

आधी दिव्यांकडे बघा. पायवर लाल दिवा पॉवरचा, हिरवा कार्डाच्या हालचालीचा. हिरवा अधूनमधून अनियमित लुकलुकतोय म्हणजे कार्ड वाचलं जातंय, चांगलं लक्षण. ठराविक गतीने मोजून लुकलुकत असेल तर तो निरोप असतो: ४ वेळा म्हणजे स्टार्ट डॉट ईएलएफ ही फाईल सापडली नाही, ७ वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही, ८ वेळा म्हणजे मेमरीचाच प्रॉब्लेम. पहिल्या दोन्हीत इमेज परत लिहा, शक्यतो दुसऱ्या कार्डावर. हिरवा एकदाही लागत नसेल तर कार्ड नीट बसलंय का बघा, मग दुसरं कार्ड.

याच्या पुढे जायचं असेल तर सिरियल केबल घ्या, म्हणजे बोर्डाचे निरोप पीसीवर अक्षरांत दिसतात. खरं सांगायचं तर आर्म बोर्डाशी खेळणाऱ्याने ही यूएसबी ते टीटीएल केबल पहिल्या दिवशीच घ्यावी, एचडीएमआय केबलच्याही आधी. स्क्रीनवर चित्र यायला कर्नल चालू व्हावा लागतो, ड्रायव्हर लागावा लागतो, सिरियलवर मात्र बूटलोडरची पहिली ओळसुद्धा दिसते. केबल ३.३ व्होल्टची हवी, ५ व्होल्टची लावली तर पिन जळू शकते. तीनच वायरी जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, केबलचा टीएक्स (पाठवणारा) बोर्डाच्या आरएक्सला (घेणाऱ्याला) आणि आरएक्स टीएक्सला, असं उलटसुलट. चौथी, बहुतेक वेळा लाल, पॉवरची वायर तशीच सोडून द्या, बोर्डाला पॉवर त्याच्या अडॅप्टरवरूनच. पाय ४ पर्यंत ४० पिनांच्या ओळीत ६ नंबर ग्राउंड, ८ टीएक्स, १० आरएक्स. पायवर कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये इनेबल_यूआर्ट बरोबर १ अशी ओळही टाकावी लागते.

मग पीसीवर सिरियलचा मजकूर दाखवणारा पुटी किंवा मिनिकॉम, वेग ११५२००. रॉकचिपच्या बऱ्याच बोर्डांवर वेग १५००००० असतो, तिथे ११५२०० ठेवलं तर स्क्रीनवर नुसता कचरा येतो आणि लोक समजतात केबल खराब. काहीच येत नसेल तर टीएक्स आणि आरएक्स अदलाबदल करून बघा. मिनिकॉममध्ये अक्षरं दिसतात पण टाइप केलेलं पोचत नाही असं झालं तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा.

सिरियलवर यू-बूट या बूटलोडरच्या ओळी आल्या आणि "हिट एनी की टू स्टॉप ऑटोबूट" दिसलं म्हणजे पॉवर, कार्ड आणि बूटलोडर तिन्ही बऱ्यापैकी ठीक, संशय आता पुढे सरकला. एकही ओळ नाही आली तर बोर्डाला बूटलोडरच सापडला नाही, म्हणजे इमेज चुकीच्या बोर्डाची किंवा कार्ड वाचता येत नाही. "स्टार्टिंग कर्नल" आलं आणि तिथेच सगळं थिजलं तर दोन शक्यता, डिव्हाइस ट्री दुसऱ्याच बोर्डाची आहे, नाहीतर कर्नलच्या ओळीत कन्सोलचं नाव चुकलंय आणि सिस्टिम आत मजेत चालू आहे, तुम्हाला फक्त दिसत नाही. एकदा पिंग करून बघायला काय जातंय.

कर्नल पॅनिक आलं आणि "अनेबल टू माउंट रूट एफएस" दिसलं तर कंसातले दोन आकडे वाचा, बरंच काही तिथेच असतं. ०,० असेल तर कर्नलला रूटचं, म्हणजे सिस्टिम असलेल्या मुख्य पार्टिशनचं, डिव्हाइसच मिळालेलं नाही, नाव किंवा यूयूआयडी चुकलंय, नाहीतर ड्रायव्हर नाही. १७९,२ असेल तर कार्डाचं दुसरं पार्टिशन सापडलंय पण वाचता येत नाही, म्हणजे फाईल सिस्टिम बिघडलीय, कार्ड दुसऱ्या लिनक्स मशीनला लावून, माउंट न करता, एफएससीके (फाईल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवा. यूएसबी डिस्कवरून बूट करत असाल तर रूटवेट हा शब्द कर्नलच्या ओळीत आहे ना ते बघा, डिस्क जागी व्हायला वेळ घेते आणि तो शब्द नसेल तर कर्नल वाट न बघता हात वर करतो. पायवर ही कर्नलची ओळ सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी मध्ये असते, त्यातलं सगळं एकाच ओळीत राहिलं पाहिजे, मध्ये एंटर मारला की पुढचं वाचलंच जात नाही.

चालू झालं पण नीट चालत नाही

तारीख बघा. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांमध्ये घड्याळाची बॅटरीच नाही, बंद केलं की वेळ थांबतो. तारीख मागे असली की अपडेट करताना "रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट" येतं, वेबसाइटची सर्टिफिकेटं चुकीची वाटतात. टाइमडेटसीटीएल मारून बघा, इंटरनेट मिळालं की वेळ आपोआप जुळतो.

वायफाय दिसत नाही? आरएफकिल लिस्ट मारा, ब्लॉक्ड असेल तर बहुधा देश निवडलेला नाही. पाय ३ बी आणि दोन्ही झिरो डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झ पकडतात, राउटर ५ वरच असेल तर कितीही पासवर्ड टाका. यूएसबी ३ ची डिस्क अँटेनाच्या अगदी शेजारी असली तर २.४ चा सिग्नल मार खातो, डिस्क जरा लांब ठेवून फरक पडतो का बघा.

यूएसबीला लावलेली सॅटा डिस्क मध्येच तुटते, डीमेसगमध्ये (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) यूएएस (यूएसबी डिस्कशी बोलायची वेगवान पद्धत) आणि रीसेट असे शब्द परत परत येतात, हे फार जणांना भोगावं लागतं. आधी पॉवर, पाय ४ वर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर एवढंच मिळतं, मोठी डिस्क असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा. तरी चालूच राहिलं तर डिस्कच्या केबलमधली चिप यूएएस नीट बोलत नाही. एलएसयूएसबी मध्ये तिचा दोन भागांतला आयडी बघा आणि सीएमडीलाइनमध्ये यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स बरोबर तो आयडी, कोलन, यू असं जोडा. वेग थोडा कमी होतो, पण डिस्क टिकते.

फाईल सेव्ह करताना अचानक "रीड ओन्ली फाईल सिस्टिम" आलं तर एरर आल्यावर कर्नलने स्वतःहून लिहिणं थांबवलंय. परत लिहिता करून पुढे ढकलू नका, डीमेसगमध्ये एमएमसी च्या एरर आहेत का बघा, असतील तर डेटा त्याच दिवशी दुसरीकडे काढा, कार्ड मरायला टेकलंय.

बाहेरची डिस्क एफएसटॅबमध्ये (बूट होताना लावायच्या डिस्कची यादी) टाकली असेल तर तिच्या ओळीत नोफेल लिहा. नाही लिहिलं आणि एक दिवस डिस्क न लावता बोर्ड चालू केला की तो इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो, एसएसएच नाही, स्क्रीन नाही, आणि तुम्हाला वाटतं बोर्ड मेला. यासाठी कार्ड पीसीला लावून ती एक ओळ बदलली तरी पुरतं, नव्याने इन्स्टॉल करायची गरज नाही.

एकदा सगळं मनासारखं लागलं की बोर्ड पॉवरऑफ करून, कार्ड काढून, पीसीवर डीडीने त्याची अख्खी इमेज करून ठेवा, या वेळी आयएफ (कुठून वाचायचं) मध्ये कार्ड आणि ओएफ मध्ये फाईल.